वर्णनाची ओळ : बुलेटिन बोर्डांवरील फाइल-शोध आणि आपली दप्तरे

पेडणे आणि डिचोली या महालांतील जुन्या मराठी घराण्यांना ‘वर्णन’ हा शब्द कागदोपत्री फार जवळचा आहे. घरजमिनीचे कोणतेही जुने खत उघडावे. त्यात चतुःसीमांबरोबर एक क्रमांक हमखास आढळतो. भू-नोंदणी कार्यालयाच्या अमुक पुस्तकात, अमुक पानावर, अमुक क्रमांकाखाली वर्णन केलेली मिळकत, अशी ती भाषा. पोर्तुगीज अमलात या नोंदीला ‘देस्क्रिसांव’ म्हणत. मालकाच्या नावाची नोंद ‘इन्स्क्रिसांव’ म्हणून वेगळी, आणि महसुलाची ‘मात्रिज’ आणखी वेगळी. मुक्तीला साठ वर्षे उलटून गेली तरी खरेदीखतांच्या मसुद्यांतून हे शब्द गेलेले नाहीत. वर्णनाचा क्रमांक हाती असेल तर मिळकतीचा माग लागतो. तो नसेल तर पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीखाली असलेली जमीनही नोंदवह्यांच्या डोंगरात शोधत बसावी लागते.

हाच नियम संगणकाच्या इतिहासातील एका विस्मृत पर्वातही लागू होता. टेलिफोनच्या तारांवर चालणाऱ्या ‘बुलेटिन बोर्ड’ नावाच्या केंद्रांचे ते पर्व होय. या केंद्रांवर साठवलेल्या फाइलींतून हवी ती फाइल शोधून देणारी एक आज्ञावली केंद्रचालक आपल्या संगणकावर बसवीत आणि तिची जुळवणी स्वतःच्या हाताने करीत. ही जुळवणी कशी होत असे आणि तिच्यात काय चुकत असे, हे आज सांगण्याचे प्रयोजन आहे. आपल्यापैकी अनेक घराण्यांत सध्या जुन्या कागदांची छायाचित्रे काढून ती संगणकात साठवण्याचे काम चालू आहे. कागद वाचवण्याची ही तळमळ स्तुत्य आहे. परंतु वाचवलेला कागद उद्या सापडणार कसा, हा प्रश्न त्या केंद्रचालकांपुढे चार दशकांपूर्वी उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी अनुभवाने मिळवले होते. ते उत्तर आपल्या कामाचे आहे, असे आम्हांस वाटते.

पहिले बुलेटिन बोर्ड १९७८ साली अमेरिकेतील शिकागो शहरात सुरू झाले. त्या वर्षीच्या जानेवारीत तेथे मोठे हिमवादळ झाले आणि माणसे घरात अडकून पडली. वॉर्ड ख्रिस्टनसेन आणि रँडी स्यूस या दोघा मित्रांनी त्या सक्तीच्या विश्रांतीत एक कल्पना प्रत्यक्षात आणण्यास घेतली. एक संगणक टेलिफोनला जोडून ठेवायचा. कोणीही आपल्या संगणकावरून त्या क्रमांकास फोन लावावा, तेथे लिहिलेले निरोप वाचावेत आणि आपला निरोप लिहून ठेवावा. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी हे केंद्र लोकांसाठी खुले झाले. देवळाच्या मंडपात किंवा पंचायतीच्या भिंतीवर जो सूचना-फलक असतो त्याचेच हे यांत्रिक रूप होते. तार एकच असल्यामुळे एका वेळी एकालाच आत येता येई. बाकीच्यांना टेलिफोन गुंतलेला आढळे.

लवकरच निरोपांच्या जोडीला फाइली आल्या. कोणी हिशेबाची आज्ञावली ठेवली, कोणी खेळ ठेवला, कोणी लेख. पण या देवाणघेवाणीवर टेलिफोनच्या वेगाची कडक मर्यादा होती. दर सेकंदाला २४०० बिट वाहून नेणारा मोडेम सुमारे २४० अक्षरे पाठवी. त्या हिशेबाने ३६० किलोबाइटांची एक फ्लॉपी भरेल एवढा मजकूर उतरवून घेण्यास पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि एक मेगाबाइटाला सव्वा तास लागे. दूरच्या गावाहून फोन लावणाऱ्याला त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे मोजावे लागत. उलट शंभर फाइलींची यादी, प्रत्येकी एक ओळ धरून, अर्ध्या मिनिटात उतरे. फाइल महाग आणि तिच्याविषयीची ओळ स्वस्त, या एका गणितावर पुढची सगळी व्यवस्था उभी राहिली. आधी ओळ वाचायची, मग फाइल मागायची.

ही ओळ एका साध्या यादीत लिहिलेली असे. प्रत्येक विभागात ‘फाइल्स.बीबीएस’ या नावाची एक मजकूर-फाइल असे. तिच्यात डावीकडे फाइलीचे नाव आणि उजवीकडे केंद्रचालकाने लिहिलेले वर्णन. फाइलीच्या नावावर भरवसा ठेवता येत नसे, कारण त्या काळच्या डॉस प्रणालीत नावासाठी रोमन लिपीतील आठच अक्षरे मिळत आणि बिंदूनंतर आणखी तीन. आपल्याच गावांची नावे घेऊन हे पाहता येईल. पेडण्याचे पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग सहा अक्षरांचे, म्हणून ते सहज मावले असते. डिचोलीचे बरोबर आठ अक्षरांचे, म्हणून तेही काठोकाठ बसले असते. साखळीचे मात्र नऊ अक्षरांचे; तिला शेवटचे अक्षर गमवावे लागले असते. गाव कोणता, साल कोणते, विषय कोणता, हे सगळे आठ अक्षरांत सांगणे अशक्यच. म्हणून खरा अर्थ उजवीकडच्या ओळीत असे, आणि ती ओळ लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या केंद्रावर हजारो फाइली असूनही हाती काही लागत नसे.

१९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी ‘फिडोनेट’ ही योजना सुरू केली आणि सुटी सुटी केंद्रे एकमेकांना जोडली गेली. प्रत्येक केंद्राला खंड, विभाग आणि स्वतःचा असा एक क्रमांक मिळाला. त्यात आशियासाठी सहावा खंड ठरवला गेला. दिवसातील एक ठरावीक तास निरोपांच्या देवघेवीसाठी सर्वांनी मोकळा ठेवायचा, असा दंडक होता. दर कमी असलेल्या वेळी एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेले टपाल देई आणि घेई. १९८६ च्या सुमारास एकच चर्चा अनेक केंद्रांवर एकाच वेळी उमटू लागेल अशी सोय झाली. १९९०च्या दशकाच्या मध्यास या जाळ्यात तीस हजारांहून अधिक केंद्रे होती. या सगळ्यांची मिळून एकच यादी कोणापाशीही नव्हती. प्रत्येक केंद्र आपल्या फाइली जाणी, शेजाऱ्याच्या जाणत नसे. हवी असलेली फाइल जाळ्यात कोठेतरी आहे एवढी खात्री असूनही ती नेमकी कोणाच्या संगणकावर आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता.

ही अडचण दूर करण्यासाठी फाइल-शोधाच्या आज्ञावल्या निघाल्या. त्यांपैकी ‘ऑलफिक्स’ हे नाव जुन्या केंद्रचालकांच्या तोंडी आजही आहे. रीत अशी : शोधणाऱ्याने सामाईक चर्चेत एक निरोप लिहायचा. तो माणसाला उद्देशून नसे, त्या आज्ञावलीच्याच नावे असे. आणि विषयाच्या जागी शोधशब्द लिहिलेला असे. नाव ठाऊक असेल तर नाव द्यावे. अर्धवट ठाऊक असेल तर उरलेल्या भागासाठी तारांकन द्यावे. नाव मुळीच ठाऊक नसेल तर तिरकी रेघ देऊन वर्णनातला शब्द द्यावा. तो निरोप रात्रीच्या टपालाने केंद्राकेंद्रांवर पोचे. जेथे ही आज्ञावली बसवलेली असे तेथे ती निरोप उघडून विषय वाची, आपल्या याद्या चाळी, आणि जुळलेल्या ओळींचे उत्तर पाठवी. केंद्रचालक झोपलेला असे. उत्तर मात्र जात असे. विचारणाऱ्याला एक-दोन दिवसांनी निरनिराळ्या गावांहून उत्तरे येत : ही फाइल अमुक केंद्रावर, अमुक विभागात, एवढ्या आकाराची आहे. मग त्या केंद्राला फोन लावून ती मागायची.

ऐकताना हे सोपे वाटते. पण या आज्ञावलीला आपले केंद्र कसे आहे हे आधी सांगावे लागे, आणि तेथेच केंद्रचालकाच्या विवेकाची कसोटी लागे.

पहिला प्रश्न, कोठे शोधायचे. संगणकावर पन्नास विभाग असतील. त्यांतले काही सर्वांसाठी खुले, काही केवळ सभासदांसाठी, काही केंद्रचालकाचे खासगी. ज्या विभागाचे नाव जुळवणीत लिहिले नाही तो आज्ञावलीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. नवा विभाग उघडून तो जुळवणीत घालायचे राहून गेले, तर त्यातील फाइली जागच्या जागी असूनही शोधणाऱ्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळे. उलट खासगी विभाग चुकून यादीत घातला, तर त्यातील ओळी जगभर जात.

दुसरा प्रश्न, किती सांगायचे. एखाद्याने अगदी मोघम शब्द दिला तर शेकडो ओळी जुळतील. त्या सगळ्या पाठवल्या तर वाटेवरच्या प्रत्येक केंद्राच्या टेलिफोनचे बिल वाढणार, आणि तो भुर्दंड ज्याने प्रश्न विचारला नाही त्याच्या माथी बसणार. म्हणून उत्तरात अमुक इतक्याच ओळी द्याव्यात, फार आखूड शब्द स्वीकारू नयेत, लांब उत्तराचे तुकडे करावेत, अशा मर्यादा घालाव्या लागत. मर्यादा फार सैल ठेवली की जाळे गुदमरे. फार आवळली की नेमकी हवी असलेली ओळ गाळली जाई.

तिसरा प्रश्न, कोणाला उत्तर द्यायचे. जुळले नाही तेव्हा गप्प बसावे हे उत्तम, कारण शेकडो केंद्रांनी ‘आमच्याकडे नाही’ असे कळवत राहणे हाही एक गोंगाटच. दुसऱ्या यंत्राने पाठवलेले उत्तर हाच नवा प्रश्न समजून आपल्या यंत्राने पुन्हा उत्तर देऊ नये, याचीही तजवीज हवी. नाहीतर दोन यंत्रे माणसांच्या पश्चात एकमेकांशी न संपणारा पत्रव्यवहार मांडतील.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो जुळवणीच्या पडद्यावर सोडवता येण्याजोगा नव्हता. आज्ञावली फाइलीच्या आत डोकावत नसे. ती वाचायची नाव, तारीख आणि वर्णनाची ओळ. ओळीत जो शब्द नाही तो तिला सापडणे शक्य नव्हते. मग केंद्रचालकांनी एक युक्ती स्वीकारली : वर्णन फाइलीच्या कर्त्यानेच लिहावे आणि ते गठ्ठ्याच्या आत ठेवून द्यावे. संकुचित केलेल्या प्रत्येक गठ्ठ्यात ‘फाइल_आयडी.डीआयझेड’ नावाची एक चिठ्ठी असे; दहा ओळींपर्यंत, प्रत्येक ओळ पंचेचाळीस अक्षरांची. गठ्ठा कोणत्याही केंद्रावर गेला तरी चिठ्ठी त्याच्याबरोबर जाई, आणि तेथील यंत्र ती काढून आपल्या यादीत उतरवी. वर्णन आणि वस्तू यांची ताटातूट होऊ नये, याचा हा साधा पण फार दूरदर्शी उपाय होता.

हे सारे परदेशातच घडत होते असे नाही. साखळीहून केरी आणि चोर्ला घाटाने बेळगावास जाणारा रस्ता आपल्या परिचयाचा आहे. त्या बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अतुल चिटणीस हे अभियांत्रिकी शिकले. जन्माने ते जर्मनीतील. त्यांनी पुढे बंगळूर येथे १९८९ साली ‘सीआयएक्स’ हे बुलेटिन बोर्ड सुरू केले. भारतातील अगदी आरंभीच्या केंद्रांत त्याची गणना होते. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने वाचकांना लिनक्स प्रणालीची तबकडी दिली, त्या उपक्रमातही त्यांचा मोठा वाटा होता. ३ जून २०१३ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते निवर्तले.

त्या काळात आपल्या देशात असे केंद्र चालवणे म्हणजे टेलिफोनशी झुंज होती. जोडणी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, तारेत खरखर असे, आणि परगावचा फोन महाग असे. त्यातच १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने अशा खासगी केंद्रांकडून लक्षावधी रुपयांचे परवाना-शुल्क मागण्याचे धोरण आखले. हौसेने, स्वतःच्या खिशातून चाललेल्या केंद्रांना ते परवडणे शक्यच नव्हते. त्याविरुद्ध ‘फोरम फॉर राइट्स टु इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ या नावाने काही मंडळी एकत्र आली आणि हा प्रश्न अभिव्यक्तीच्या हक्काचा आहे असे त्यांनी मांडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि बुलेटिन बोर्डांचा काळ हळूहळू मावळला.

इंटरनेटावरील शोधाचा आरंभही याच मर्यादेत झाला होता. १९९० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज यांनी ‘आर्ची’ ही आज्ञावली केली. ठिकठिकाणच्या संगणकांवरील फाइलींच्या याद्या ती गोळा करी आणि त्यांतून नाव शोधून देई; फाइलीच्या आतला मजकूर तिलाही वाचता येत नसे. पुढे यंत्रे मजकूर वाचू लागली, पण तो मजकूर अक्षरांच्या रूपात साठवलेला असला तरच. हा ‘तरच’ आपल्यासाठी निर्णायक आहे. देवनागरीसाठी १९९१ पासून युनिकोडची सोय असली, तरी आपली मुद्रणालये आणि कचेऱ्या पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या खासगी फॉन्टांत मराठी लिहीत राहिल्या. त्यांतला मजकूर पडद्यावर मराठी दिसे. यंत्राला मात्र तो रोमन चिन्हांचा गोंधळ वाटे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. आणि मोडी कागदाचे छायाचित्र हे तर यंत्राच्या लेखी निव्वळ चित्र. त्या चित्रात सनद आहे की तगादा, हे सांगणारी ओळ माणसानेच लिहावी लागते.

आता हीच कसोटी आपल्या प्रांताच्या दप्तराला लावून पाहू. गोव्याचे पोर्तुगीज दप्तरखाने १५९५ साली स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले रक्षक झाले. त्यानंतर साडेतीन शतके कागद साठत गेले. संशोधकाला त्यांत वाट दाखवील असे पुस्तक मात्र १९५५ साली आले. ते लिहिणारे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर हे आपल्याच शेजारच्या सत्तरी महालातील पिसुर्ले गावचे. १८९४ साली जन्मलेल्या या विद्वानाने सुमारे तीन दशके त्या दप्तरखान्याची धुरा वाहिली. ‘रोतैरु दुश आर्किव्हुश’ या त्यांच्या ग्रंथाचा अर्थच दप्तरांची मार्गदर्शिका असा होतो. कोणती मालिका कशाची, तिच्यात कोणत्या काळचे कागद, हे त्यांनी मांडून दिले. केंद्रचालक आपल्या यंत्राला विभागांची ओळख करून देई. पिसुर्लेकरांनी पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकांना तशी ओळख करून दिली. त्यांची स्वतःची संशोधने मोठी आहेतच. पण ज्यांना कधी भेटले नाहीत अशा अभ्यासकांचे आयुष्यातील महिने त्यांनी वाचवले, ही कामगिरी आम्हांस त्याहून कमी मोलाची वाटत नाही.

मार्गदर्शिका नसली तर काय होते, हे पेडण्याच्या उदाहरणावरून उमगेल. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली १७८१ साली. पेडणे गेले १७८८ साली. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या अमलाखाली होता. म्हणजे १७८८ पूर्वीचा पेडण्याचा कागद गोव्याच्या दप्तरात ‘पेडणे’ या मथळ्याखाली शोधणे व्यर्थ. त्या काळी पेडणे परमुलूख होते. म्हणून तेथील खबर ‘रैश व्हिझिन्युश’ या, शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या पुस्तकांत पाहावी लागते. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार ‘मोंसोंइश’ या मालिकेत, कारण जहाजे मोसमी वाऱ्यांवर ये-जा करीत. जो या मालिका आपल्या शोधात घालीत नाही त्याला ‘काही नाही’ असे उत्तर मिळते, आणि तो बिचारा आपल्या घराण्याचा इतिहासच नाही असे समजून परततो. जुळवणीत न घातलेल्या विभागाची गोष्ट आम्ही वर सांगितली, ती हीच.

शिवाय आपले कागद एकाच केंद्रावर नाहीत. काही पणजीच्या पुराभिलेख खात्यात, काही लिस्बनच्या सागरपार इतिहासाच्या दप्तरखान्यात. मराठेशाहीचे पुण्याच्या पेशवे दप्तरात. त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. इंग्रजी अमलात सावंतवाडी संस्थानाशी झालेला व्यवहार मुंबईच्या सरकारी दप्तरात. आणि उरलेले आपल्या स्वतःच्या माळ्यांवर, देवघराच्या फडताळांत, पेटाऱ्यांत. प्रत्येक केंद्र आपले जाणते, शेजाऱ्याचे जाणत नाही. फिडोनेटच्या सभासदाप्रमाणे आपल्यालाही तोच प्रश्न ठिकठिकाणी पाठवावा लागतो, आणि प्रत्येक ठिकाणची यादी जेवढी चांगली तेवढेच उत्तर मिळते.

आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, ही अडचण तर आपल्यासारखी फार थोड्यांना असेल. पोर्तुगीज कारकुनाने आमची नावे आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत लिहिली. प्रभूचे ‘पोरोब’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’, शेणव्यांचे ‘सिनाय’, भटांचे ‘बोत’. डिचोलीचे ‘बिचोलीं’ आणि साखळीचे ‘सांकेलीं’ झाले. पोर्तुगीज लेखनात आपला ‘श’ येतो तो इंग्रजीत ‘क्स’ वाचल्या जाणाऱ्या अक्षराने. इंग्रजी शिकलेली आजची पिढी शोधयंत्रात इंग्रजी वळणाचे स्पेलिंग घालते आणि रिकाम्या हाताने परत येते. तारांकन वापरून हे थोडेफार सावरता येते; पण नावाचे पहिलेच अक्षर बदलले असेल तेथे तारांकनाचाही इलाज चालत नाही. तेथे उपाय एकच : वर्णनाच्या ओळीत नावाची सगळी रूपे लिहून ठेवायची.

यात काय पणाला लागले आहे, हे घराण्यांना वेगळे सांगावयास नको. देवस्थानच्या महाजनांच्या ‘कातालोगा’त पूर्वजाचे नाव होते की नाही, कोमुनिदादीत आपला वाटा होता की नाही, अमुक डोंगर कुळागराचा होता की माळरान, असे प्रश्न एका कागदावर ठरतात. डिचोलीच्या खाणींनी आणि पेडण्यातील मोपा विमानतळाने जमिनीचे मोल किती पालटले, हे सर्वांनी पाहिले आहे. पण हक्काइतकीच दुसरीही एक हानी आहे. कोकणातून, देशावरून, घाटमाथ्यावरून ही घराणी येथे केव्हा आली, कोणाच्या कौलाने वसली, कोणत्या ग्रामदेवतेच्या मानपानात सामील झाली, ही हकिकत सरकारी दप्तरात क्वचितच पूर्णपणे मिळते. ती घरच्या रुमालात असते. रुमाल उलगडणारा आणि मोडी वाचणारा वडीलधारा घरात आहे तोवर त्याला यादीची गरज वाटत नाही, कारण यादी त्याच्या डोक्यात असते. तो गेला की कागद राहतात आणि यादी जाते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की छायाचित्र काढण्याआधी ओळ लिहावी. यंत्राने दिलेल्या अनुक्रमांकाच्या नावाने साठवलेली दोन हजार छायाचित्रे म्हणजे वर्णनाविना भरलेले केंद्र होय. प्रत्येक कागदासाठी सहा गोष्टींची एक ओळ पुरेशी आहे : कागदाचा प्रकार, म्हणजे सनद, कौलनामा, गहाणखत, पत्र, जमाखर्च, लिपी आणि भाषा, शक असेल तर शक आणि त्याचे इसवी सन, गाव, त्याच्या मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही रूपांत, व्यक्तींची नावे, तशीच दोन्ही रूपांत, आणि मूळ कागद कोठे ठेवला आहे. लिपी वाचता येत नसेल तर तसे प्रांजळपणे लिहावे. ‘मोडी, अवाचित, चार पाने, शिक्का आहे’ ही ओळसुद्धा कोऱ्या जागेपेक्षा शतपटींनी बरी. तर्काने लिहिलेले तर्क म्हणून नोंदवावे. ओळी युनिकोड देवनागरीत असाव्यात, म्हणजे कोणतेही शोधयंत्र त्या वाचू शकेल. आणि त्या यादीची छापील प्रत रुमालाच्या आत ठेवावी. गठ्ठ्यात चिठ्ठी ठेवण्याचा जुन्या केंद्रचालकांचा शहाणपणा तोच होता. यादी सर्वांना दाखवायची की नाही, हे मात्र घराण्याने ठरवावे. वाटणीचे आणि कज्जांचे कागद खासगी विभागात राहू द्यावेत. पण ते आहेत एवढी नोंद तरी घरापुरती असावी.

बुलेटिन बोर्डांची केंद्रे बहुतेक बंद झाली. त्यांच्यावरील पुष्कळसा मजकूर नाहीसा झाला असता. १९९८ पासून जेसन स्कॉट नावाच्या अमेरिकन संग्राहकाने जुन्या मजकूर-फाइली जमवून विषयवार लावल्या, म्हणून त्या काळाची ओळख शिल्लक आहे. त्यानेही प्रत्येक फाइलीपुढे, शक्य तेथे, एक ओळ लिहिली. पिसुर्लेकरांनी दप्तरखान्यासाठी तेच केले होते, आणि भू-नोंदणीच्या कारकुनाने आपल्या आजोबांच्या कुळागरासाठी तेच केले होते. पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे पेटारे उघडून कागदांना ऊन दाखवण्याची जुनी चाल आहे. यंदा ते कागद परत बांधण्याआधी घरातील एकाने वही घेऊन शेजारी बसावे, आणि वडीलधाऱ्यांना विचारून एकेक ओळ लिहावी. जे वाचू शकतात ते आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.